कात्री थांबू शकते, मीठ थांबत नाही

बाळ जन्मलं की पहिला प्रश्न, 'काय झालं, मुलगा की मुलगी?' काही बाळांकडे बघून नर्सला, डॉक्टरलाही ते लगेच सांगता येत नाही. ही लैंगिक विकासात भिन्नता असलेली बाळं. त्यांच्यावर तान्हेपणीच शस्त्रक्रिया करावी का, यावर वाद आहे. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं, करू नका; आईबापांची संमती ही बाळाची संमती नव्हे. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने बंदी घातली. जीवाला धोका असेल तेवढाच अपवाद.

निकाल मला पटतो. शस्त्रक्रियेच्या बाजूचे म्हणतात, लोक नावं ठेवतील, आईबाप खचतील. खरंय. पण नावं ठेवणं हा गावाचा आजार. त्यासाठी बाळाला कापायचं कशाला?

माझी तक्रार मात्र दोन्ही बाजूंबद्दल आहे. दोघंही कात्रीवरच बोलतात. जरा डहाणू-तलासरीच्या पाड्यावरून बघा. अशा भिन्नतेचं एक प्रमुख कारण म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार. त्याच्या तीव्र प्रकारात शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच उलट्या होतात, बाळ मलूल पडतं. हायड्रोकॉर्टिसोन आणि मीठ टिकवणारं औषध वेळेवर मिळालं तर जगतं, नाहीतर दगावतं. मुलग्यांमध्ये तर बाहेरून सहसा काही दिसतच नाही. म्हणजे शस्त्रक्रियेचा प्रश्न येण्याआधीच बाळ गेलेलं असू शकतं.

आता गंमत बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाला तो आपल्या पालघरमध्येच. जन्मजात दोषांच्या त्याच्या मूळ यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे, मोतीबिंदू आहे, हृदयदोष आहे. हा आजार नाही.

उपाय काही फार लांबचा नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी घरी येतेच. नेमके हेच धोक्याचे दिवस. तिला एवढंच शिकवा : जन्मखुणेबद्दल शंका होती आणि बाळ उलट्या करतंय, दूध ओढत नाही, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. शंका नसलेलं बाळ असं मलूल झालं, तरीही न्या. आणि रुग्णालयाने त्याच दिवशी रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासावं.

मुलगा की मुलगी, हे ठरवायला तज्ज्ञांना वेळ द्या. कापायचं की नाही, ते मूल मोठं होऊन सांगेल. त्यासाठी आधी ते मोठं व्हायला हवं.