सनद, सार्वभौमत्व आणि मान्यता : दादरा-नगर हवेलीच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यावरील मराठी लेखन बहुतांशी २ ऑगस्ट १९५४ च्या सिल्व्हासा-प्रवेशापाशी येऊन थांबते. आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, त्यांत सुधीर फडके यांच्यासारखे सर्वपरिचित नाव, यांमुळे या प्रसंगाला आठवणींचे वलय लाभले. ते स्वाभाविकच होय. मात्र पुढील सात वर्षे हा प्रदेश ना पोर्तुगालच्या ताब्यात होता ना भारतात विलीन झाला होता, ही बाब एखाद्या वाक्यात उरकली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने दमणहून या प्रदेशात जाण्याच्या मार्गहक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. त्याचा मुख्य आधार होता १७७९ चा मराठे-पोर्तुगीज तह. त्यान्वये पेशव्यांनी बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून दिली होती. ही गावे सार्वभौम हक्काने मिळाली, हे पोर्तुगालचे म्हणणे न्यायालयाने अमान्य केले. मिळाला तो जहागीर किंवा सरंजामाच्या स्वरूपाचा महसुली हक्क. सनदेवर उभ्या राहिलेल्या भोर संस्थानच्या मुलखात, कापूरहोळसारख्या गावी, हा भेद फारसा समजावून सांगावा लागत नाही.

परंतु येथेच निकालाने वळण घेतले. मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांना तेथे पोर्तुगीजांचाच अंमल दिसला आणि त्यांनी तो निमूटपणे चालू दिला. सबब सार्वभौमत्वाला गर्भित मान्यता मिळाली, असे न्यायालयाने ठरविले. जे सनदेने दिले नाही ते तिसऱ्याच्या मौनाने दिले! तेथील वारली, कोकणा आदी रयतेची संमती या युक्तिवादात कोठेच येत नाही. अर्थात न्यायालयापुढील प्रश्न मार्गहक्कापुरता होता, हेही मान्य केले पाहिजे. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांचा हक्क मान्य केला, सशस्त्र दलांचा नाकारला आणि भारताने कर्तव्यभंग केलेला नाही, असे म्हटले. पोर्तुगालला हक्क मिळाला, मुलूख मिळाला नाही.

या काळात कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. ताबा आहे पण मान्यता नाही, ही अवस्था पुढे कोसोवोच्याही वाट्याला आली. १७ फेब्रुवारी २००८ च्या त्याच्या स्वातंत्र्यघोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झाला नाही, असे मत याच न्यायालयाने २०१० मध्ये दिले. ते राष्ट्र ठरते की नाही, यावर मात्र भाष्य टाळले. भारताने कोसोवोला मान्यता दिलेली नाही. कोसोवोला वेगळे राष्ट्र हवे होते, नगर हवेलीला विलीनीकरण. हा फरक लहान नव्हे.

तथापि विलीन होण्यासाठीही आधी कोणीतरी ‘असावे’ लागते. ८ मार्च १९४८ रोजी भोर विलीन झाले तेव्हा सहीसाठी राजा होता. नगर हवेलीत राजा नव्हता. म्हणून १९६१ मध्ये के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यास एका दिवसाचा पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी पंडित नेहरूंसमवेत करारावर सही केली. हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः ज्या सार्वभौमत्वाला कोणीच औपचारिक मान्यता दिली नव्हती, ते त्या एका सहीपुरते गृहीत धरावे लागले. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारतात आला. पोर्तुगालची मान्यता ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मिळाली, तीही लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर.