सज्जनांचा सहभाग : विजय तेंडुलकरांच्या नाटकांतील सत्-असत् प्रवृत्तींचे नाते

प्रास्ताविक

मानवी स्वभावातील सत् आणि असत् प्रवृत्तींचा संघर्ष मराठी नाटकाने आरंभापासून हाताळला आहे. मात्र पूर्वसूरींच्या नाटकांत या दोन प्रवृत्ती बहुधा वेगवेगळ्या पात्रांत वाटलेल्या दिसतात. देवलांच्या ‘संगीत शारदा’मध्ये (१८९९) वृद्ध भुजंगनाथ आणि मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित एका बाजूला, तर निरागस शारदा दुसऱ्या बाजूला आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (१९१९) सुधाकराला मद्याचा मोह घालणारा तळीराम आहे आणि त्या मोहाचे सर्व परिणाम सोसणारी सिंधू आहे. येथे दुष्टाव्याचा उगम कोठे आहे, याविषयी प्रेक्षकाच्या मनात संदेह राहत नाही.

विजय तेंडुलकर (१९२८-२००८) यांच्या नाटकांनी ही वाटणी मोडून काढली. त्यांच्या नाटकांची चर्चा प्रामुख्याने हिंसा, लैंगिकता आणि सत्ता या अंगांनी झाली. त्यामुळे क्रौर्य करणाऱ्या पात्रांकडे समीक्षेचे जेवढे लक्ष गेले, तेवढे त्यांच्या आसपास वावरणाऱ्या सज्जन पात्रांकडे गेले नाही. वस्तुतः सत्-असताच्या प्रश्नाला तेंडुलकरांनी दिलेले उत्तर या सज्जन पात्रांतच अधिक स्पष्टपणे सापडते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘गिधाडे’ आणि ‘सखाराम बाइंडर’ या तीन नाटकांतील अशा पात्रांचा येथे विचार केला आहे.

भाबडेपणा : सामंत

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये एका गावी प्रयोगासाठी आलेली हौशी नाट्यमंडळी वेळ घालविण्यासाठी लुटुपुटीचा खटला उभा करतात. लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी केले जाते आणि पाहता पाहता खेळ खरा होतो. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक ही माणसे जन्मजात क्रूर नाहीत. आपापल्या आयुष्यात अपुरी राहिलेली, प्रतिष्ठेची भुकेलेली अशी ती सामान्य माणसे आहेत. न्यायालयाची चौकट मिळताच त्यांच्यातील क्रौर्याला शिष्टसंमत भाषा मिळते.

या मंडळींत खराखुरा सज्जन एकच आहे, तो म्हणजे गावातील सामंत. त्याच्या मनात बेणारेविषयी आदरच आहे. पण साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला पिंजऱ्यात उभे केले जाते आणि तो हातातील कादंबरीच्या आधारे प्रा. दामले यांच्या खोलीत घडलेला एक काल्पनिक प्रसंग सांगतो. त्याच्या दृष्टीने ही केवळ खेळाला केलेली मदत असते. प्रत्यक्षात ती साक्ष बेणारेच्या आयुष्यातील सत्याला जाऊन भिडते आणि खटल्याला धार चढते. येथे दुष्ट हेतूचा लवलेशही नाही. तरीही ज्या साक्षीने बेणारेभोवतीचा फास आवळला जातो, ती या निष्पाप माणसाची आहे. आपण कोणत्या खेळात सामील होत आहोत हे न पाहणारा भाबडेपणा दुष्टाव्याला किती सहज उपयोगी पडतो, हे तेंडुलकर येथे दाखवितात.

तटस्थता : रजनीनाथ

‘गिधाडे’ (रंगभूमीवर १९७०) या नाटकात वडिलांच्या संपत्तीसाठी एकमेकांचे लचके तोडणारे कुटुंब आहे. रमाकांत, उमाकांत आणि माणिक ही भावंडे, तसेच त्यांचे वडील, यांच्यात सद्भावाचा अंशही शोधून सापडत नाही. त्यांच्या घरात रमाकांताची पत्नी रमा आणि त्या वडिलांचा अनौरस पुत्र रजनीनाथ ही दोनच पात्रे संवेदनशील आहेत. रजनीनाथ कवी आहे. मुख्य घरापासून अलग राहून तो सर्व पाहतो आणि पाहिलेल्याला काव्याचे रूप देतो.

रजनीनाथाचे हे अलिप्तपण वरवर पाहता त्याच्या सज्जनपणाची खूण वाटते. पण रमाचा छळ त्याच्या काव्याने थांबत नाही. त्यांच्यात निर्माण होणारे नातेही तिला त्या घरातून सोडवू शकत नाही. तेंडुलकरांनी रजनीनाथाला कुठेही दोषी ठरविलेले नाही. मात्र दुष्टाव्याचे अचूक निदान करणे म्हणजे त्याचा प्रतिकार करणे नव्हे, ही मर्यादा नाटकाच्या रचनेतूनच स्पष्ट होते. साहित्याच्या अभ्यासकाने ही मर्यादा स्वतःलाही लावून पाहण्याजोगी आहे.

निष्ठा : लक्ष्मी

‘सखाराम बाइंडर’ (१९७२) मध्ये हा विचार सर्वांत गुंतागुंतीचे रूप घेतो. नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांना स्वतःच्या अटींवर घरी आणून ठेवणारा सखाराम हिंसक आहे, पण दांभिक नाही. लक्ष्मी सोशिक, देवभोळी, मुंगळ्याशीही प्रेमाने बोलणारी स्त्री आहे. रूढ नीतिकल्पनेनुसार यातील चांगले कोण आणि वाईट कोण, हे ठरविणे सोपे आहे. परंतु गणपतीच्या आरतीच्या प्रसंगी हा निवाडा डळमळतो. दाऊद मुसलमान असल्यामुळे त्याने आरतीत भाग घेऊ नये, असा आग्रह लक्ष्मी धरते. सखाराम मित्राचा पक्ष घेतो आणि त्यासाठी लक्ष्मीला अमानुष मारहाण करतो. न्याय्य भूमिका हिंसक माणसाकडे आणि भेदबुद्धी भक्तिभावाकडे, अशी ही विलक्षण अदलाबदल आहे.

पुढे घराबाहेर पडलेली लक्ष्मी निराधार होऊन परत येते, तेव्हा तिला आसरा मिळतो तो चंपामुळे. चंपा उद्धट आणि दारूच्या आहारी गेलेली आहे. तीच सखारामाला लक्ष्मीला ठेवून घ्यायला लावते. त्याच चंपाचे दाऊदशी असलेले संबंध लक्ष्मी सखारामाला सांगते. त्यातून चंपाचा खून होतो. हादरून गेलेल्या सखारामाला सावरून प्रेत पुरण्याच्या कामाला लक्ष्मीच पुढे होते. ती त्याला मनोमन पती मानते आणि पतीचे रक्षण हा तिचा धर्म आहे.

येथे ‘एकच प्याला’तील सिंधूचे स्मरण अपरिहार्य आहे. सुधाकराच्या हातून झालेला आघात सिंधूही लपविते, त्याला वाचविण्यासाठी मरणाच्या दारात खोटे बोलते. गडकऱ्यांच्या प्रेक्षकाला त्या असत्यात पातिव्रत्याचा उत्कर्ष दिसला. लक्ष्मीची निष्ठा त्याच जातीची आहे. फरक एवढाच की सिंधू स्वतःवर झालेला अन्याय झाकते, तर लक्ष्मी दुसऱ्या स्त्रीचा खून झाकते. परंपरेने गौरविलेला सद्गुण तेंडुलकरांनी तसाच ठेवला आणि केवळ त्याची किंमत मोजणारी व्यक्ती बदलली. एवढ्यानेच त्या सद्गुणातील अंधारी बाजू उघड झाली.

लक्ष्मी स्वतःच परिस्थितीची बळी आहे, सखारामाच्या घराखेरीज तिला दुसरे छप्पर नाही, असा युक्तिवाद करता येईल आणि तो खरा आहे. परंतु कृत्याचे कारण कळणे आणि कृत्य निर्दोष ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाटक पहिली गोष्ट करते, दुसरी करीत नाही. मात्र एक आक्षेप शिल्लक राहतो. खून पुरुष करतो, पण नैतिक जबाबदारीचा सर्वांत अवघड भाग नाटककाराने स्त्रीच्या खांद्यावर ठेवला आहे. सखाराम हतबल आणि लक्ष्मी निश्चयी, या अखेरच्या चित्रात पुरुषी हिंसा काहीशी झाकोळली जाते. ही या नाटकाची उणीव मानावी लागेल.

समारोप

दुष्टपणा हा माणसातील पशूचा उद्रेक आहे, किंवा तो केवळ परिस्थितीचा परिणाम आहे, अशी दोन स्पष्टीकरणे साहित्यचर्चेत नेहमी दिली जातात. वरील तीन पात्रांचे एवढ्याने समाधानकारक आकलन होत नाही. भाबडेपणा, तटस्थता आणि निष्ठा या स्वतंत्रपणे पाहता चांगल्याच वृत्ती आहेत. विवेकाची साथ सुटली की त्याच दुष्टाव्याला वाट करून देतात, असे तेंडुलकरांची नाटके सांगतात.

याचा अर्थ ही नाटके मानवी चांगुलपणाविषयी पूर्ण निराश आहेत असा नव्हे. दारात आलेल्या लक्ष्मीला चंपा ठेवून घेते. खटला संपल्यावर निश्चल पडलेल्या बेणारेजवळ सामंत पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट ठेवून जातो. या कृती लहान आहेत, त्यांनी कोणाचे प्राक्तन बदलत नाही. पण त्यांच्यामागे नियमाचे, धर्माचे किंवा प्रतिष्ठेचे पाठबळ नसते. तेंडुलकरांच्या लेखी चांगुलपणा असलाच तर तो अशा कृतीत असतो, माणसाच्या लौकिकात नव्हे. म्हणूनच ही नाटके वर्गात शिकविताना ‘यातील चांगले पात्र कोणते?’ हा प्रश्न अपुरा पडतो. चांगल्या पात्राने त्या क्षणी काय केले, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अधिक अर्थपूर्ण ठरेल.