परत आलेल्या भाषणाचं पुस्तक

मागल्या वर्षी एका स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला. चार रात्री जागून लिहिला. तो परत आला. निम्म्या मजकुरावर लाल रेघा, सोबत चिठ्ठी : 'एवढं गाळलंत तर छापू.' मी गाळलं नाही, दुसरीकडेही पाठवलं नाही. वही फळीवर टाकली. वर्षभर एक ओळ नाही. वस्तीतली पोरं विचारायची, 'दादा, काय लिवताय सध्या?' मी म्हणायचो, वेळ कुठाय? साफ खोटं. राग होता, अन् त्या रागाचं काय करावं ते उमगत नव्हतं.

अशात बाबासाहेबांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' पुन्हा काढलं. आधी दोनदा वाचलेलं, पण दोन्ही वेळा सुरुवातीची पत्रं ओलांडून थेट भाषणावर उडी मारलेली. मित्रांनो, तुम्हीही बहुधा तेच केलं असणार. त्यात फार गमावतो आपण.

लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं बाबासाहेबांना १९३६ च्या परिषदेचं अध्यक्षपद दिलं. भाषणाचा मजकूर पाहून मंडळी चपापली. वेदांवरचा भाग नको, धर्म सोडण्याची भाषा नको. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद बारगळली. छापलेल्या भाषणाला व्यासपीठच उरलं नाही. त्यांनी ते पुस्तक म्हणून विक्रीला काढलं. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

हे आपण अभिमानानं सांगतो. पण पुस्तकाची रचना बघा. नकाराचा पत्रव्यवहार पुस्तकाच्या तोंडाशीच आहे. तारखांसकट. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत. कुठं आदळआपट नाही. राग आहे, पण तो कागदांच्या क्रमात बसवलाय. माझं मत विचाराल तर गद्य म्हणून ही पत्रं भाषणाहून सरस आहेत. भाषणात पाश्चात्त्य पंडितांची अवतरणं जागोजाग वाट अडवतात. पत्रांत माणूस सरळ समोर उभा राहतो.

पुढं गांधीजींनी 'हरिजन'मध्ये टीका केली. आठ आणे किंमत जास्त आहे, दोन नाहीतर चार आणे करा, असंही सुचवलं. (वाचायला हवंच असंही त्यातच म्हटलं, हे आपण सांगत नाही.) १९३७ च्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका छापली, खाली आपलं उत्तर दिलं. १९४४ ची आवृत्ती म्हणजे १९३७ च्याच आवृत्तीचं पुनर्मुद्रण. १९१६ चा जातीवरचा निबंध त्यात मिसळून नव्यानं लिहायचं होतं, सवड मिळाली नाही, हेही सांगून टाकलं. म्हणजे नाकारलेलं भाषण आठ वर्षांनीही छापलं जात होतं. नकाराला, टीकेला त्यांनी पुस्तकातच जागा दिली.

आता कुणी म्हणेल, ते बॅरिस्टर होते, पदरच्या पैशानं छापू शकत होते. खरंय. आपल्याला कागदाच्या रिमासाठी वर्गणी फिरवावी लागते. पण तारखा जपून ठेवायला, चिठ्ठी न फाडायला काय पैसा लागतो?

मी वही खाली काढली. लाल रेघा थंड डोक्यानं पाहिल्या. सांगायला लाज वाटते, दोन ठिकाणी रेघ बरोबर होती. तिथं मी नुसताच ओरडलो होतो. ते दोन परिच्छेद माझ्या हातानं काढले. स्वल्पविरामावर अडून बसायला आधी तो स्वल्पविराम तसा असावा लागतो. बाकीचं एक अक्षर हलवलं नाही. लेख संपादकांकडे दिलाय. पहिल्या पानावर ती चिठ्ठी आहे, तारखेसकट.