आपल्याच मांडवात आपले हसे

भाऊबीज उलटली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. लेकी माहेरी आलेल्या असतात, व्याही-जावयांची वर्दळ असते, आणि रात्र पडली की कुठे दंडार, कुठे खडीगंमत, तर कुठे नाटक उभे राहते. धानाची कापणी-मळणी आटोपून हातात चार पैसे आले की नाटकांना अधिकच रंग चढतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. तिथली रंगभूमी लोकांनी थंडीत कुडकुडत, तिकिटे काढून जगवली आहे. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा गाव आज तिच्या नाटकमंडळ्यांचे माहेरघर झाले आहे. तिचे नामवंत विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्रीचा मान मिळाला. जिथे शहरातली नाट्यगृहे प्रेक्षकांची वाट पाहत बसतात, तिथे ही रंगभूमी रात्रीची रात्र जागते. तिचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

परंतु कौतुक पुष्कळांनी केले आहे, आणि मला आज निराळेच काही सांगायचे आहे. या मांडवांत बसून मी जी नाटके पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत मला एक गोष्ट पुनःपुन्हा आढळली. नायक पुस्तकी मराठी बोलतो. नायिका त्याच भाषेत रडते. खलनायक धमक्या देतो तोही शुद्ध तुपातल्या मराठीत. आणि घरचा गडी किंवा गावचा बावळट रंगमंचावर आला, की तो मात्र आमची झाडीबोली बोलतो. त्याने तोंड उघडताच मांडवात हास्याचा कल्लोळ उठतो. हसणारे कोण? जे घरी गेल्यावर तीच भाषा बोलणार आहेत ते! पैसे आमचे, मांडव आमचा, आणि हसेही आमचेच.

यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. विनोद हा विनोद आहे. गडीच टाळ्या घेऊन जातो, नायकाला कोण विचारतो? हे खरे आहे, आणि त्या नटांचे कसब थोर आहे याविषयी मला शंका नाही. तथापि प्रश्न टाळ्यांचा नाही. ज्या भाषेत फक्त हसता येते आणि ज्या भाषेत कधी शोक करता येत नाही, प्रेम करता येत नाही, अन्यायाला जाब विचारता येत नाही, ती भाषा बोलणाऱ्यांच्या मनावर हळूहळू कोणता संस्कार होतो, हा प्रश्न आहे. मांडवातली ही सवय मांडवातच राहत नाही. ती आमच्या घरात येते, शाळेत जाते, कचेरीच्या दारात उभी राहते.

शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला, उत्तर येते, पण ‘डोळा’ऐवजी ‘डोरा’ निघून जाईल आणि वर्ग हसेल म्हणून जे पोर हात वर करीत नाही, त्याचा विचार करा. ते पोर मठ्ठ ठरते. डॉक्टरांनी औषधाच्या वेळा भराभर सांगितल्या, समजल्या नाहीत, तरी मान डोलावून घरी येणारी आई पाहा. कचेरीत ‘साहेब, आमाले काही समजत नाही’ अशी सुरुवात करून स्वतःचे रास्त काम भीक मागितल्यासारखे मागणारा शेतकरी पाहा. गप्प बसणे, बोलण्याआधीच माफी मागणे, आणि दुसऱ्याने हसण्यापूर्वी आपणच आपली टर उडवणे, या तिन्ही सवयींना आपण साधेपणा म्हणतो. वस्तुतः तो आपल्याच पायावर पाडून घेतलेला धोंडा आहे.

ही लाज आली कोठून? ती आमच्या मातीत उगवलेली नाही. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश निघाला, शाळांची क्रमिक पुस्तके आली, आणि पुण्याकडच्या शिष्टांची मराठी ही प्रमाण मराठी ठरली. भाषेला कोणते तरी एक प्रमाण लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्याकडे आणखी एक गुंता होता. १८५३ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्यप्रांत झाला. तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत भंडारा हिंदी मुलखाबरोबर एका कारभारात नांदला. म्हणजे एका बाजूने हिंदी आणि दुसऱ्या बाजूने पुण्याची मराठी, अशा दोन थोरल्या जावांच्या मध्ये आमची बोली धाकट्या जावेसारखी चुलीपाशी बसली. हिंदीच्या दृष्टीने ती मराठी आणि मराठीच्या दृष्टीने ती हिंदी! १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तरी तिचे चुलीपाशी बसणे काही सुटले नाही.

या लाजेवर पहिला उतारा चिकित्सेचा. ‘आपली भाषा अशुद्ध’ हे वाक्य आपण वडिलोपार्जित भांड्यासारखे वापरतो, पण ते कधी घासून पाहत नाही. घासून पाहिले तर काय दिसते? झाडीबोलीत ण, ळ, श, ष आणि छ ही पाच व्यंजने नाहीत. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘काळा’चा ‘कारा’ होतो, ‘शेता’चे ‘सेत’ होते. हे कोणाच्या जिभेच्या आळसाने कधी होते आणि कधी होत नाही असे नाही. ते नियमाने होते, आणि जिथे नियम आहे तिथे व्याकरण आहे. प्रमाण हिंदीतही ळ नाही. म्हणून हिंदीला कोणी गावंढळ म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मग एका वर्णाच्या अभावी एक भाषा राष्ट्राच्या कारभाराला चालते आणि दुसरी विदूषकाच्या तोंडी जाते, याचे कारण वर्णांत नसून बोलणाऱ्यांच्या पदरी असलेल्या सत्तेत आणि पैशात आहे, हे उघड आहे.

ज्यांनी ही चिकित्सा केली त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ठिकठिकाणच्या मराठी बोलींचे नमुने शास्त्रीय वस्तू म्हणून गंभीरपणे मांडले आहेत, हसण्यासाठी नव्हे. आमच्याच जिल्ह्यातल्या साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला, दंडारीसारख्या लोकरंगभूमीचा अभ्यास केला, आणि झाडीबोलीची साहित्यसंमेलनेही या मुलखात भरू लागली. ज्या शब्दांना आपण ओशाळत होतो ते शब्द कोणी तरी वेचून, निवडून, अकारविल्हे लावून ठेवले. लाजेला याहून चांगले उत्तर नाही.

मात्र इथे दुसरा धोका संभवतो. वाकून वाकून कंटाळलेला माणूस एकदम छाती फुगवून उभा राहतो. वैनगंगेच्या काठी, भंडाऱ्याच्या सीमेला लागून अंभोरा हे क्षेत्र आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ तिथे रचला असे आमच्याकडचे पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात. मराठवाड्यातले लोक तोच मान अंबेजोगाईला देतात. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, असा सांगतात. त्याविषयीही पंडितांत मतभेद आहेत. अशा वेळी ‘मराठीचा आद्यग्रंथ आमचाच’ म्हणून टेबल ठोकणारा माणूस आणि ‘आमाले काही समजत नाही’ म्हणणारा माणूस हे मला परस्परविरुद्ध वाटत नाहीत. दोघेही पुरावा तपासायला तयार नाहीत. एकाने दुसऱ्यांचा निकाल मुकाट्याने स्वीकारला, दुसऱ्याने स्वतःचा निकाल आरडाओरड करून लावला. ग्रंथाचे नावच ‘विवेक’ आहे. निदान त्याच्या बाबतीत तरी विवेक सुटू नये!

म्हणून चिकित्सेला नम्रतेची जोड हवी. नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे नव्हे. आपल्याखेरीज इतरही आहेत हे ध्यानात ठेवणे. आमच्याच टापूत गोंडी बोलणारे आहेत, पोवारी बोलणारे आहेत. पुणेकराने आमच्या ‘पानी’ला हसले की आम्हांला झोंबते, पण बाजाराच्या दिवशी गोंडी बोलणाऱ्याची नक्कल करून आमच्यातले किती जण हसतात, हे ज्याचे त्याने आठवावे. अपमानाची साखळी वरून आली म्हणून खाली पुढे चालवण्याचा हक्क मिळत नाही. आणि नम्रतेचा दुसरा अर्थ असा की प्रमाण मराठी मन लावून शिकलीच पाहिजे. तिच्यात आठ शतकांचे वाङ्मय आहे, ती सर्व महाराष्ट्राला जोडते. ‘आमची बोली आहे, मग व्याकरण कशाला’ म्हणणारा मास्तर पोरांचे हित करीत नाही, नुकसान करतो. दोन विहिरींचे पाणी पिणाऱ्याने एक बुजवायची नसते.

उरला तिसरा उतारा: ठामपणा. त्याचा धडा आम्हांला परमुलखातून आणण्याचे कारण नाही. ‘लीळाचरित्रा’त भंडाऱ्याचे नाव येते; इथले निळभट भांडारेकर हे चक्रधरांच्या आरंभीच्या शिष्यांपैकी. त्याच पंथाचे आचार्य नागदेव यांनी, संस्कृतातच लिहू पाहणाऱ्या पंडितांना, तसे केल्यास पंथातल्या म्हाताऱ्या बायका धर्मज्ञानाला मुकतील असे म्हणून अडवले. सातशे वर्षांपूर्वीचा हा ठामपणा मला आजही विलक्षण वाटतो. त्यांत संस्कृताचा द्वेष नव्हता, स्वतःची बढाई नव्हती. ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांना ते कळले पाहिजे, एवढाच आग्रह होता. ठामपणा आणि उद्धटपणा यांतला फरक यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

वाङ्मयातही असा ठामपणा इतरांनी दाखवला आहे. निरक्षर बहिणाबाई चौधरींची कविता १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली आणि खानदेशची बोली सर्व महाराष्ट्राच्या ओठांवर गेली. १९५५ साली माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने माणदेशची आणि दांडेकरांच्या ‘पडघवली’ने कोकणची भाषा आणली. आणि १९६० साली आमच्या विदर्भातल्या उद्धव शेळक्यांची ‘धग’ आली. दारिद्र्याशी झुंजणारी तिच्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते. ती बोलताना हसावे असे कोणाही वाचकाच्या मनात येत नाही. कारण शेळक्यांनी तिच्या बोलीच्या ओंजळीत दुःख घातले. बोलीला प्रतिष्ठा येते ती तिची स्तोत्रे गाऊन नव्हे, तिच्यावर भार टाकून.

नेमक्या याच कसोटीवर आमचे नवे झाडीबोली-लेखनही मला अनेकदा अपुरे वाटते. मी वाचलेल्या कवितांतल्या बऱ्याचशा बोलीविषयी बोलतात, बोलीतून बोलत नाहीत. माझी बोली गोड, माझी माती थोर, आणि मग जुन्या शब्दांची आरास! आरास चार दिवसांची असते. गोसीखुर्दच्या धरणात ज्यांची गावे गेली त्यांचे मन, मँगनीजच्या खाणीतून घरी परतणारा मजूर, कोष्ट्याच्या घरातला बंद पडलेला माग, तलावावर जगणारा ढिवर, हे सारे विषय आमच्या अंगणात उभे आहेत. त्यांना त्यांच्या भाषेत गंभीरपणे बोलू देणारे नाटक जोमाने लिहिले जाईल, त्या रात्री मांडव हसता हसता स्तब्ध होईल. प्रेक्षकांना ते रुचणार नाही, असे नाटककार म्हणतात. मला तसे वाटत नाही. जो प्रेक्षक पहाटेपर्यंत थंडीत बसतो तो केवळ हसण्यापुरता बसत नाही. त्याच्या रडण्याला आपण अजून त्याची भाषा दिलेली नाही, एवढेच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आपण पेढे वाटले. ते योग्यच झाले. परंतु भाषेचे अभिजातपण ताम्रपटांत आणि पोथ्यांत जेवढे असते, तेवढेच ते चुलीपाशीही असते. या सणात घरोघर माणसे जमतील. शहरात शिकणारा नातू आजीच्या ‘पानी’ला हसेल, आणि आजीही ओशाळून हसेल. त्या वेळी त्याला रागावू नका. ‘आजी ण म्हणत नाही, पण कुठे कुठे म्हणत नाही ते नीट ऐकून सांग बरे,’ असे त्याला विचारा. तो ऐकू लागेल. ऐकता ऐकता त्याला नियम सापडेल, आणि नियम सापडला की हसू आपोआप थांबते. मग आजीला सांगा, पुढच्या वेळी दवाखान्यात समजले नाही तर मान डोलावू नको. ‘मले समजला नाही, परत सांगा’ असे डॉक्टरांना सरळ सांग. एवढे एक वाक्य तिला न ओशाळता म्हणता आले, तरी आमच्या बोलीचे पुष्कळ काम झाले असे मी म्हणेन.