अम्मिआनसच्या इतिहासातील सीमा आणि फितूर

रोमन आणि सासानी साम्राज्यांमधील मेसोपोटेमियाची सीमा म्हटली की किल्ले, वेढे आणि तह यांचेच चित्र प्रथम उभे राहते. अम्मिआनस मार्सेलिनसच्या ‘रेस गेस्टे’ या लॅटिन इतिहासग्रंथाचे वाचनही बहुधा याच अंगाने होते. इ. स. ३५९ मधील अमिदाच्या ७३ दिवसांच्या वेढ्यातून ग्रंथकार स्वतः निसटला होता. त्यामुळे त्या वर्णनाला प्रत्यक्षदर्शी साक्षीचे मोल आहे, हे खरे. तथापि वेढ्यापूर्वी, १८व्या खंडात भेटणारी माणसे सीमेविषयी अधिक काही सांगतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अंटोनायनस हा मूळचा धनिक व्यापारी, पुढे मेसोपोटेमियाच्या सेनाधिकाऱ्याकडील हिशेबनीस. बड्या लोकांच्या लोभापायी तो कर्जात बुडाला. दाद मिळेना, तेव्हा त्याने रोमन सैन्याची संख्या, ठिकाणे, रसद यांची गुपचूप टिपणे काढली आणि तैग्रिसच्या काठी शेत विकत घेतले. जमीनमालकाला सीमेवर येण्याचे कारण कोण विचारणार? एका रात्री सारे कुटुंब होड्यांत घालून तो पलीकडे गेला. ग्रंथकार त्याला फितूर म्हणतो. पण त्या कृत्यामागील अन्यायाची नोंदही तोच तपशिलाने करतो. पुढे रणभूमीवर सेनापती उर्सिसिनस त्याची देशद्रोही म्हणून निर्भर्त्सना करतो, तेव्हा हा मनुष्य घोड्यावरून उतरतो, इराणच्या राजाने दिलेले शिरोभूषण काढतो, आपल्या जुन्या धन्यापुढे जमिनीपर्यंत झुकतो आणि सावकारांनी आपल्याला इथवर लोटले, असे सांगतो. मग पाठ न दाखवता, दृष्टीआड होईपर्यंत मागे मागे चालत जातो. निष्ठा बदलली, आदब बदलली नाही. ग्रंथातील हा प्रसंग मला अजोड वाटतो.

याच खंडातील जोव्हिनियानस हा इराणच्या अमलाखालील कॉर्डुएनचा क्षत्रप. तारुण्यात तो सिरियात ओलीस होता. तेथील विद्येची त्याला गोडी लागली. तो रोमनांना गुप्तपणे साहाय्य करतो. त्याला मात्र कोणी फितूर म्हणत नाही!

आणि तिसरा, ज्याचे नावही नोंदलेले नाही. गॉलमधील पॅरिसी टोळीच्या प्रदेशात जन्मलेला हा घोडेस्वार एका गुन्ह्याच्या शिक्षेच्या भीतीने इराणकडे पळाला, तेथे विवाह करून मुलाबाळांचा धनी झाला आणि हेर म्हणून सीमेच्या अलीकडे येत राहिला. रोमनांनी त्याला पकडले, त्याच्याकडून हवी ती माहिती काढून घेतली आणि ठार केले. ग्रंथकाराने त्याच्या मृत्यूवर लॅटिनमधील एकच क्रियापद खर्चिले आहे.

उर्सिसिनसच्या दिमतीत वावरलेल्या या लष्करी इतिहासकाराची सहानुभूती दर्जा पाहून वाहते, हा आक्षेप म्हणूनच टाळता येत नाही. हिशेबनिसाला भाषण मिळते, क्षत्रपाला विद्याव्यासंगाचे श्रेय. घोडेस्वाराचा केवळ जबाब. तैग्रिसपलीकडे त्याची वाट पाहणाऱ्या पत्नीचा आणि मुलांचा पुढे उल्लेखही येत नाही.