एका संग्राहिकेचें आत्मचरित्र

संपत्ति जन्मानें मिळूं शकते. ती कशी खर्चावी ही बुद्धि मात्र ज्याची त्यानेंच कमवावी लागते. पेगी गुगेनहाइम (१८९८–१९७९) ह्या अमेरिकन बाईंचें ‘आउट ऑफ धिस सेंचुरी’ हें आत्मचरित्र आम्ही ह्याच दृष्टीनें वाचलें. तें प्रथम १९४६ सालीं निघालें. वाढविलेली आवृत्ति १९७९ सालीं प्रसिद्ध झाली.

खाणींच्या धंद्यावर धनाढ्य झालेल्या कुळांत बाईंचा जन्म झाला. वडील १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बोटीबरोबर बुडाले. बाईंनीं १९३८ सालीं लंडन येथें चित्रशाला उघडली, आणि पुढें युद्धाच्या छायेंत पॅरिसमध्यें रोज एक चित्र विकत घेण्याचा संकल्प केला. लूव्र संग्रहालयानें हीं नवीं चित्रें जपून ठेवण्याच्या लायकीचीं मानलीं नाहींत. अखेर तीं घरगुती सामान म्हणून अमेरिकेस रवाना झालीं. पंडितांनीं जें नाकारलें तें एका हौशी बाईनें वांचविलें! १९४३ सालीं जॅक्सन पोलॉक हा चित्रकार बाईंच्या चुलत्याच्याच न्यूयॉर्कमधील संग्रहालयांत हलकीं कामें करून पोट भरीत होता. त्यास बाईंनीं दरमहा १५० डॉलरांची नेमणूक करून दिली व त्याचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें.

हें सर्व बाईंनीं ओघवत्या व मिस्किल भाषेंत सांगितलें आहे. अमूर्त आणि अतिवास्तववादी कलेंतील भेद आपणांस मार्सेल द्युशाँ ह्यांनीं शिकविला, हें कबूल करण्याइतका मोकळेपणा त्यांच्या ठायीं आहे. प्रेमप्रकरणांविषयीं तर त्या इतक्या स्पष्ट लिहितात, कीं पहिल्या आवृत्तींत अनेकांस टोपणनांवें द्यावीं लागलीं. आमचा आक्षेप ह्या स्पष्टपणावर नाहीं. चित्र कोणाकडून घेतलें, तेव्हां कोण रुसलें, हें सारें येथें सांपडतें. परंतु त्या चित्रासमोर उभें राहिल्यावर बाईंच्या मनांत काय झालें, हें क्वचितच कळतें. आपलीं गुपितें उघड करणें म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे.

तथापि ग्रंथांतील ही उणीव संग्रहानें भरून काढली आहे. व्हेनिस येथें १९४९ सालीं घेतलेल्या वाड्यांत बाई अखेरपर्यंत राहिल्या. हयातींतच त्यांनीं तो संग्रह लोकांस पाहावयास खुला केला, आणि वाड्यासह चुलत्याच्या नांवच्या संस्थेस देऊन टाकला. बाईंची खरी पारख जाणून घ्यावयाची असेल, तर ग्रंथापेक्षां त्या भिंतींवरील चित्रेंच अधिक विश्वासार्ह साक्ष देतील, असें आम्हांस वाटतें.