अडसराचे रूपांतर : ‘इकिरू’ आणि ‘लिव्हिंग’

परकीय चित्रपटांच्या पुनर्निर्मितीसंबंधी जी चर्चा होते ती बहुधा मूळ कलाकृतीशी असलेल्या निष्ठेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. कोणते प्रसंग राखले, कोणते गाळले, शेवट बदलला की नाही, याची नोंद झाली की ‘मुळाची सर नाही’ हा निष्कर्ष जवळजवळ आपोआप निघतो. ही कसोटी सोयीची आहे, पण तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. कलाकृतीचा आशय म्हणजे तिचे कथानक, आणि ते एका भूमीतून उपटून दुसरीत लावता येते, असे ती मानते. कथानक खरोखरच उपटता येते. प्रश्न असा आहे की, ज्या मातीच्या घट्टपणामुळे त्या झाडाला तो विशिष्ट बाक आला होता, त्या घट्टपणाचे काय होते?

मराठी समीक्षेला हा प्रश्न नाटकाच्या निमित्ताने जुनाच परिचयाचा आहे. आगरकरांच्या ‘विकारविलसित’पासून देवलांच्या ‘झुंजारराव’पर्यंत शेक्सपिअरचे जे मराठी अवतार झाले, त्यांची चर्चा भाषांतर आणि रूपांतर यांतील भेदाभोवती फिरत राहिली. मात्र या बाबतीत अधिक उद्बोधक उदाहरण ‘ती फुलराणी’चे आहे. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये फूलवालीच्या उच्चारांतून तिचा वर्ग उघडा पडतो. पु. ल. देशपांडे यांनी केवळ लंडनची गल्ली मराठी मुलखात आणली असती, तर तो एक गमतीदार प्रयोग झाला असता, अधिक काही नाही. मराठीत प्रमाणभाषेचा दंडक वर्गाइतकाच जातीच्या अंगानेही चालतो, आणि मंजुळेच्या बोलीवर हसताना प्रेक्षकाला आपण कोणाला हसतो आहोत याची जाणीव कोठेतरी असतेच. पात्राच्या वाटेत आडवा असलेला जो अडसर मूळ नाटकाला त्याचे रूप देत होता, त्याच्या तोडीचा, पण येथेच उगवलेला अडसर रूपांतरकाराला सापडला. पुनर्निर्मिती मुळाच्या बरोबरीला पोहोचते की नाही याचा निवाडा या ठिकाणी शोधावा लागतो.

चित्रपटाच्या क्षेत्रात अडसर हरवल्याचे ठळक उदाहरण म्हणजे जॉन स्टर्जेसचा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०). अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’चे (१९५४) कथानक त्याने मेक्सिकोतील एका खेड्यात बऱ्याच इमानाने नेले. लुटारू येतात, शेतकरी शस्त्रधारी माणसे शोधतात, सात जण जमतात, खेडे वाचते. कुरोसावाच्या चित्रपटात मात्र सामुराई आणि शेतकरी यांच्यामध्ये जन्माची भिंत आहे. शेतकरी स्वतः भरड धान्य खाऊन त्यांना तांदूळ घालतात, त्यांच्यापासून आपल्या मुली लपवतात, आणि पराभूत सामुराईंना मारून लुटलेली चिलखते त्यांच्या घरांतून निघतात. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून सामुराई म्हणून मिरवणारा किकुचियो या भिंतीवर चढून बसला आहे. दोन्हींपैकी कोणत्याही बाजूला त्याला उतरता येत नाही. शेतकरी लबाड आहेत, आणि त्यांना लबाड कोणी केले, हा त्याचा उद्रेक म्हणूनच चित्रपटाचा कणा ठरतो. स्टर्जेसने तो उद्रेकही टाकलेला नाही, चिको या तरुणाच्या तोंडी तो येतो. पण बंदूकबाजी हा धंदा आहे, जन्म नव्हे. चिको कमरेचा पट्टा सोडतो आणि खेड्यातील मुलीकडे परततो. किकुचियोला मरावे लागते. प्रसंग तोच, शब्दही जवळजवळ तेच, आणि तरीही भार नाहीसा झालेला. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ हा रंजक चित्रपट आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो वेगळ्या आणि सोप्या प्रश्नाचे उत्तर देतो.

येथे एक आक्षेप संभवतो. परक्या दिग्दर्शकाला मूळ संस्कृतीचे मर्म कळले नाही, एवढाच याचा अर्थ असेल. तसे असते तर मूळ दिग्दर्शकाने स्वतःच केलेली पुनर्निर्मिती निर्दोष ठरावयास हवी होती. जॉर्ज स्लाउझर या डच दिग्दर्शकाने ‘स्पोरलोस’ (१९८८) या आपल्याच चित्रपटाची अमेरिकी आवृत्ती १९९३ साली केली. पहिल्यात प्रेयसीचे काय झाले हे जाणण्याच्या अनावर इच्छेपायी नायक जिवंत पुरला जातो. दुसऱ्यात त्याची सुटका होते. ज्ञानाची किंमत मृत्यू आहे, हा मूळ चित्रपटाचा अडसर त्याच्याच कर्त्याने दूर केला, आणि मागे एक साधा रहस्यपट उरला. मर्म कळणे पुरेसे नसते.

या पार्श्वभूमीवर ऑलिव्हर हर्मानस या दक्षिण आफ्रिकी दिग्दर्शकाचा ‘लिव्हिंग’ (२०२२) विशेष विचारार्ह ठरतो. कुरोसावाच्या ‘इकिरू’ची (१९५२) ही इंग्रजी पुनर्निर्मिती. तिची पटकथा कादंबरीकार काझुओ इशिगुरो यांची आहे. नागासाकीत जन्मून पाचव्या वर्षापासून इंग्लंडमध्ये वाढलेल्या या लेखकाइतका दोन्ही बाजूंचा जाणकार दुसरा सापडणे कठीण. म्हणजे येथे अज्ञानाची सबब नाही, बाजारू तडजोडीचीही फारशी नाही.

‘इकिरू’ची सुरुवात जठराच्या क्ष-किरणचित्राने होते. एक कोरडा निवेदक सांगतो की हे नायकाचे जठर आहे, त्याला कर्करोग आहे, आणि त्याला ते अद्याप ठाऊक नाही. कांजी वातानाबे हा नगरपालिकेच्या एका खात्याचा प्रमुख. वर्षानुवर्षे शिक्के मारण्यापलीकडे त्याने काही केलेले नाही. डबक्याच्या जागी मुलांसाठी मैदान करून द्या, असा अर्ज घेऊन आलेल्या बायकांना एका टेबलावरून दुसऱ्याकडे हाकलले जाते. हा प्रसंग कोणत्याही सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे रुग्णालयात वातानाबेला शेजारचा रोगी सांगतो की कर्करोग असला तर डॉक्टर अमुक शब्दांत साधा व्रण असल्याचे सांगतील. आणि आत गेल्यावर डॉक्टर नेमके तेच शब्द उच्चारतात. रोग्याला सत्य न सांगणे ही त्या काळच्या जपानी वैद्यकाची रूढी होती. कुरोसावाने त्या रूढीतून एक भयंकर नाट्य काढले आहे: खोटे बोलले गेल्यामुळेच सत्य कळते.

हा अडसर १९५३च्या लंडनमध्ये जसाच्या तसा ठेवला असता तर तो उपरा वाटला असता. इशिगुरोंनी तो सोडला आणि त्याच्या जागी दुसरा बसवला. लंडन काउंटी कौन्सिलमधील मिस्टर विल्यम्सला डॉक्टर सरळ सांगून टाकतो, आणि तो ते अशा संयमाने ऐकून घेतो की जणू आगगाडीला उशीर झाल्याची वार्ता असावी. अडचण त्यानंतरची आहे. कळलेले सांगावयाचे कसे? गोल टोपी, छत्री, ठरलेल्या डब्यातील ठरलेली जागा आणि वरिष्ठाशी राखावयाचे अंतर यांनी घडलेल्या सभ्य गृहस्थाच्या भाषेत मृत्यूसाठी वाक्यच नाही. जपानी चित्रपटात समाज माणसाला सांगत नाही. इंग्रजी चित्रपटात माणूस कोणालाच सांगू शकत नाही. बिल नायी या नटाचा अभिनय या बदलावर उभा आहे. ताकाशी शिमुराचा वातानाबे डोळे विस्फारून, पाठीत वाकून, अर्धवट शब्दांत चाचपडतो. नायींचा विल्यम्स ताठ असतो, आणि त्याचा आवाज प्रत्येक प्रसंगागणिक थोडा आणखी खाली जातो. दोन अभिनयांची तुलना करून डावे-उजवे ठरविण्याचा मोह येथे व्यर्थ आहे, कारण ते दोन वेगळ्या अडसरांना दिलेले प्रतिसाद आहेत. या पूर्वार्धापुरते बोलावयाचे तर पुनर्निर्मिती मुळाच्या बरोबरीने उभी राहते.

खरा पेच पुढे आहे. ‘इकिरू’च्या घाटाचे वैशिष्ट्य असे की नायक मैदानाचे काम हाती घेतो, आणि लगेच निवेदक त्याच्या मृत्यूची बातमी देतो. चित्रपटाचा सुमारे एकतृतीयांश भाग अजून शिल्लक असतो. तो वातानाबेच्या घरी, त्याच्या छायाचित्रासमोर, सहकाऱ्यांच्या बैठकीत घडतो. उपमहापौर मैदानाचे श्रेय स्वतःकडे घेऊन निघून जातो. मग साके पीत कारकून वाद घालू लागतात. त्याने हे का केले, त्याला आपला रोग ठाऊक होता काय, यश त्याचे की योगायोगाचे? एकेक आठवण पुराव्यासारखी पुढे येते. दोनच वर्षांपूर्वी ‘राशोमोन’ करणाऱ्या दिग्दर्शकाची ही रीत आहे, पण येथे तिचा रोख वेगळा आहे. प्रेक्षकाला सत्य आधीपासून माहीत आहे. माहीत नाही ते फक्त त्यांना, ज्यांच्या ते शेजारच्या टेबलावर घडत होते. मृताला स्वतःच्या बाजूने एक शब्दही बोलता येत नाही. नशेत सत्य सापडते, सगळे रडत शपथा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत पुन्हा तेच चालते. निषेधासाठी उठलेला किमुरा कागदांच्या ढिगाऱ्याआड हळूहळू खाली बसतो.

‘लिव्हिंग’मध्ये मृत्यूनंतरची ही रचना आहे, पण ती विरळ झाली आहे. वाद आगगाडीच्या डब्यात होतो आणि लवकर आटोपतो. शपथ आहे, तिचा भंगही आहे. नवीन आहे ते विल्यम्सने वेकलिंग या तरुण कारकुनासाठी मागे ठेवलेले पत्र. पत्राचा मजकूर नम्र आहे: हे मैदान काही चिरंतन स्मारक नव्हे, ते जुने होईल, मोडेल, तरीही आपले श्रम कशासाठी असा प्रश्न पडेल तेव्हा त्या लहानशा समाधानाची आठवण ठेवावी. इशिगुरोंच्या कादंबऱ्यांत दबलेल्या आयुष्यांना अखेरीस जो क्षीण स्वर सापडतो तोच येथे ऐकू येतो. परंतु या पत्राने चित्रपटाचा घाट आतून बदलतो. ‘इकिरू’त जिवंतांच्या जबान्यांतून, त्यांच्या खोटेपणातून आणि दारूतून मृत माणूस उभा करावा लागतो, ‘लिव्हिंग’मध्ये तो स्वतःच बोलतो, आणि त्याला वारस मिळतो. त्या वारसाला विल्यम्सच्याच कचेरीतून बाहेर पडलेल्या मिस हॅरिसची साथही मिळते. साक्षीचे मृत्युपत्र झाले. विल्यम्सचे कार्य कोणाला कळेल की नाही, हा मूळ चित्रपटातील अडसर करुणेने दूर केला गेला. स्लाउझरने जे प्रेक्षकांच्या सुखासाठी केले, ते येथे कितीतरी अधिक सुसंस्कृतपणे झाले आहे, एवढाच फरक.

या सौम्यतेचे मूळ आणखी एका गोष्टीत आहे. ‘इकिरू’ हा १९५२चा चित्रपट १९५२विषयीच होता. अमेरिकी ताबा संपून काही महिने झाले होते; पडद्यावरची कचेरी आणि चित्रपटगृहाबाहेरची कचेरी एकच होती. निवेदकाचा उपहास म्हणूनच झोंबतो. ‘लिव्हिंग’ २०२२मध्ये १९५३कडे पाहतो. त्याची सुरुवात क्ष-किरणचित्राने न होता जुन्या लंडनच्या रंगीत चित्रफितींनी होते, आणि निवेदक नाहीच. दिरंगाईदेखील सत्तर वर्षांच्या अंतरावरून देखणी दिसते. इंग्रज प्रेक्षकाला आपल्या आजच्या नगरपालिकेची आठवण होईल असे त्यात फारसे काही नाही. भूमी बदलली, भाषा बदलली, अडसरही एका जागी नव्याने सापडला. समकालीनता मात्र वाटेत राहिली.

ही अट अवाजवी म्हणावी तर खुद्द ‘इकिरू’कडे पाहावे. तोही अगदी निर्मूळ नाही. टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (१८८६) ही त्याची एक ज्ञात प्रेरणा आहे. टॉलस्टॉय आरंभीच मृत्यूची बातमी देतो, आणि ती ऐकून सहकाऱ्यांच्या मनात बदल्या-बढत्यांची गणिते सुरू होतात. कुरोसावाने ते सहकारी आरंभावरून उचलून शेवटी आणले, रशियन न्यायाधिकाऱ्याच्या जागी आपल्या शहरातील कारकून बसवला, आणि आत्म्याच्या मुक्तीऐवजी एका डबक्याचा प्रश्न घेतला. फासबिंडरचे उदाहरणही असेच आहे. डग्लस सर्कच्या ‘ऑल दॅट हेवन अलाउज’मध्ये (१९५५) वयाने लहान पुरुषावर प्रेम करणाऱ्या विधवेला तिची मुले एक दूरचित्रवाणी संच भेट देतात आणि त्याच्या काचेत तिला स्वतःचे एकटेपण दिसते. ‘आली : फिअर ईट्स द सोल’मध्ये (१९७४) विधवा सफाई करणारी म्हातारी आहे, पुरुष मोरोक्कोहून आलेला मजूर, आणि लग्नाची वार्ता ऐकताच मुलगा लाथेने संचाची काच फोडतो. अमेरिकी उपनगराचा शिष्टाचार म्युनिकमध्ये उघड वंशद्वेष झाला. तो द्वेष त्या वेळी प्रेक्षकांच्या घरातलाच होता.

‘लिव्हिंग’च्या शेवटी वेकलिंग रात्री मैदानापाशी येतो. तेथील पोलिसाला एक रुखरुख लागून राहिली आहे: त्या थंड रात्री झोपाळ्यावर गात बसलेल्या वृद्धाला आपण घरी का पाठविले नाही? वेकलिंग त्याला धीर देतो की तो वृद्ध त्या वेळी सुखी होता. ‘इकिरू’तही पोलीस आहे. बर्फात पडलेली टोपी परत करावयास तो मृताच्या घरी येतो आणि दारुड्या समजून आपण त्याला तसेच सोडले, याची माफी मागतो. त्याला धीर देण्याइतके तेथील कोणालाच काही ठाऊक नसते. किमुरा पुढे पुलावरून मैदानात खेळणारी मुले पाहतो, आणि काही न बोलता निघून जातो.